शर्यत जिंकली कोणी: चालकाने, गाडीने की नशिबाने?

गोदाकाठकर (धागाकर्ता)

गेल्या रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर आमच्या मित्रमंडळात पेटलेला वाद पावाची दुसरी प्लेट संपली तरी विझला नाही, म्हणून तो येथे मांडतो. एका मित्राचे म्हणणे असे, की फॉर्म्युला वन या मोटार शर्यतीत लुईस हॅमिल्टनच्या नावावर जे १०५ विजय आहेत त्यांतील बहुतेक मर्सिडीजच्या गाडीचे आहेत आणि त्या गाडीत कोणालाही बसवले असते तरी तो जिंकला असता. त्यावर दुसऱ्याने विचारले, की मग त्याच गाडीत पाच हंगाम बसलेल्या वाल्टेरी बोटासचे काय? २०१७ ते २०२१ या काळात हॅमिल्टनने ५० शर्यती जिंकल्या आणि बोटासने १०. पहिला मित्र गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते हे चेहऱ्यावरून दिसत होते. आणि घरी येताना माझ्या लक्षात आले, की माझेही झालेले नाही.

क्रिकेटमध्ये खेळपट्टी दोन्ही संघांना एकच असते. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघ आपली गाडी आपणच घडवतो, त्यामुळे सगळे चालक एकाच रस्त्यावर धावत असले तरी ते संघागणिक निरनिराळ्या अवजारांनी काम करत असतात. जेन्सन बटनचे उदाहरण घ्या. २००८ मध्ये होंडाच्या गाडीत त्याने पूर्ण हंगामात ३ गुण मिळवले. होंडाने खेळातून अंग काढून घेतले, तोच संघ रॉस ब्रॉन यांच्या नावाने उभा राहिला आणि २००९ च्या पहिल्या सात शर्यतींपैकी सहा बटनने जिंकल्या. गाडीच्या मागच्या भागात तळाशी असलेल्या दुहेरी डिफ्यूजरने, म्हणजे हवेच्या प्रवाहाने गाडी रस्त्याला दाबून धरणाऱ्या भागाने, इतरांवर मोठी आघाडी मिळवून दिली होती. इतर संघांनी ती युक्ती उचलल्यानंतरच्या दहा शर्यतींत त्याला एकही विजय मिळाला नाही, पण तोवर जमवलेल्या गुणांवर तो जगज्जेता झाला. एका हिवाळ्यात माणूस इतका बदलत नाही, गाडी बदलते.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे. विजेतेपदे, विजय, पोडियम (म्हणजे पहिल्या तिघांतले स्थान) ही सारी पूर्ण संघाची प्रशस्तिपत्रे मानावीत आणि चालकाचे मोजमाप केवळ त्याच्या संघसहकाऱ्याशी, म्हणजे टीममेटशी, तुलना करून करावे. त्यातही पात्रता फेरी, म्हणजे शर्यतीत कोण कोठून निघणार हे ठरवणारी वेगाची फेरी, अधिक विश्वासार्ह धरावी, कारण तेथे वाहतुकीचा अडथळा आणि टायर बदलण्याचे डावपेच कमी आडवे येतात. यात कोणाला खोट दिसत असेल तर ती दाखवावी.

अंबडचा फिटर

खोट पहिल्याच पायरीवर आहे. दोन सहकाऱ्यांच्या हाती समान अवजार असते असे आपण गृहीत धरले आहे. मी गेली अनेक वर्षे मशीन शॉपमध्ये काम करतो. एकाच सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर, एकाच ड्रॉइंगचा जॉब पहिल्या पाळीतला ऑपरेटर काढतो तेव्हा रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, नगण्य असते आणि दुसऱ्या पाळीत तेच वाढते. पूर्वी एका कारखान्यात याबद्दल दुसऱ्या पाळीतल्या मुलाला बोल लावले जात. पुढे कळले, की सेटरने, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या माणसाने, जॉब पकडणारे फिक्स्चर आणि टूलच्या जागेची मापे (ऑफसेट) पहिल्या पाळीतल्या माणसाच्या सवयीप्रमाणे लावून ठेवलेले असत, कारण तो जुना होता आणि त्याचे ऐकले जात होते. मशीन एकच होते, पण दोघांसाठी ते सारखे नव्हते.

रेड बुलकडे पाहा. २०२४ मध्ये मॅक्स व्हर्स्टॅपनचे ४३७ गुण झाले आणि सर्जिओ पेरेझचे १५२. आपल्या पद्धतीने निष्कर्ष काढायचा तर पेरेझ हा सामान्य चालक ठरतो. पण त्याआधी पियर गॅस्लीला २०१९ मध्ये बारा शर्यतींनंतर त्याच जागेवरून खाली रेड बुलच्याच दुय्यम टोरो रोसो संघात पाठवले गेले, आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये त्या दुय्यम गाडीत तो दुसरा आला; पुढच्या वर्षी मोंझाला तर जिंकला. व्हर्स्टॅपनला पुढची चाके तीक्ष्ण वळणारी आणि मागचा भाग काहीसा सैल असलेली गाडी मानवते, हे सर्वश्रुत आहे. जो संघ त्याच्या अभिप्रायावर गाडी विकसित करत जातो, त्या संघाची गाडी वर्षागणिक त्याच्या हाताची होत जाते. मग दुसऱ्या गाडीत बसलेल्या माणसाशी केलेल्या तुलनेत कौशल्य किती मोजले गेले आणि मापाचा सदरा दुसऱ्याला घातल्याने झालेली गैरसोय किती, हे कसे वेगळे करणार?

नाशिकरोड जंक्शन

फिटरसाहेबांच्या मुद्द्याला बळ देणारी एक घटना मी दूरचित्रवाणीवर प्रत्यक्ष पाहिली आहे आणि आजही ती माझ्या डोक्यातून जात नाही. सन २००९, बेल्जियममधील स्पा. आपल्या भारतीय मालकीच्या फोर्स इंडिया संघाने तोवर एकही गुण मिळवलेला नव्हता. शनिवारी जियानकार्लो फिसिकेलाने त्या गाडीत सर्वात वेगवान फेरी मारून पहिले स्थान पटकावले. रविवारी सेफ्टी कार (अपघातानंतर सर्वांना हळू चालवत नेणारी गाडी) बाजूला झाल्यावर किमी रायकोनेनच्या फेरारीने केर्सच्या, म्हणजे ब्रेक लावताना साठवलेल्या ऊर्जेच्या, जादा ताकदीवर चढणीच्या सरळ पट्ट्यात त्याला मागे टाकले आणि फिसिकेला शेवटपर्यंत त्याच्या मागे एका सेकंदाच्या आत राहून दुसरा आला. फोर्स इंडियाकडे केर्स नव्हते. आमच्या घरात त्या रात्री दिवाळी होती.

आता याच शर्यतीत दुसरी फेरारी कोठे होती ते पाहा. फेलिपे मासा हंगेरीत जखमी झाल्याने त्याच्या जागी लुका बाडोएर हा संघाचा जुना चाचणी चालक बसला होता, ज्याने १९९९ नंतर शर्यत केलेली नव्हती. त्याने सर्वात मागच्या जागेवरून सुरुवात केली आणि शर्यत पूर्ण करणाऱ्यांत तो शेवटचा होता. म्हणजे एकाच बनावटीची एक गाडी पहिली आणि दुसरी शेवटची. गोदाकाठकरांचा प्रस्ताव येथे शोभून दिसतो: फरक माणसाचा.

पण गोष्ट येथे संपत नाही. बाडोएरला काढून फेरारीने फिसिकेलालाच बोलावले. ज्या माणसाने फोर्स इंडियात बसून फेरारीला घाम फोडला, तो खुद्द फेरारीत बसल्यावर काय करील याच्या कल्पनेने आम्ही हरखून गेलो होतो. उरलेल्या पाच शर्यतींत त्याला एकही गुण मिळाला नाही. सर्वोत्तम स्थान मोंझा येथील नववे, आणि तेव्हा गुण पहिल्या आठ जणांनाच असत.

आता सांगा, त्याचे कौशल्य किती होते? जर निकाल म्हणजे गाडी अधिक चालक अशी सरळ बेरीज असती, तर बरी गाडी आणि तोच चालक मिळून निकाल सुधारायला हवा होता. तो बिघडला. स्पाच्या लांब सरळ पट्ट्यांवर फोर्स इंडियाची गाडी तिच्या कमी हवाविरोधामुळे खुलली, हे एक कारण. आणि फेरारीचे ब्रेक, केर्सची बटणे, टायर तापवण्याची पद्धत हे सारे फिसिकेलाला हंगामाच्या अखेरीस, सरावबंदीच्या काळात, शर्यतीच्या शनिवार-रविवारीच शिकावे लागले, हे दुसरे. बाडोएरची फजितीही मग वेगळी दिसू लागते. म्हणून माझ्या मते हा गुणाकाराचा मामला आहे. एक संख्या कितीही मोठी असली आणि दुसरी शून्याकडे झुकली, तर हाती काय येणार?

निवृत्त गणितमास्तर

जंक्शन यांनी गुणाकाराची उपमा दिली ती मला आवडली, तरी एक मास्तर म्हणून दुरुस्ती करतो. गुणाकारात गाडी दुप्पट चांगली झाली की प्रत्येक चालकाचा निकाल दुप्पट होईल. आपल्या उदाहरणात तसेही नाही. प्रत्येक चालक आणि गाडी यांच्या जोडीचा एक स्वतंत्र परिणाम आहे. संख्याशास्त्रात याला आंतरक्रिया म्हणतात, आणि ती मोजण्यासाठी तोच चालक अनेक गाड्यांत व तीच गाडी अनेक चालकांकडे असलेली पुष्कळ निरीक्षणे लागतात. शर्यतीच्या जगात ती फार थोडी मिळतात.

तरीही प्रयत्न झाले आहेत. शेफील्ड विद्यापीठातील अँड्र्यू बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १९५० पासूनच्या निकालांवर बहुस्तरीय प्रतिमान (संख्याशास्त्रातले मॉडेल) बसवून चालकाचा आणि संघाचा परिणाम वेगळा काढला. त्यांच्या गणितात हुआन मॅन्युएल फँजिओ सर्वश्रेष्ठ ठरला, संघाचा वाटा चालकाच्या वाट्याहून बराच मोठा निघाला आणि काळाबरोबर तो वाढत गेलेला दिसला. मात्र पाऊस असताना आणि शहरी रस्त्यांवरील शर्यतींत संघाचे वजन कमी होऊ शकते असेही आढळले. मिसळीच्या टेबलावरच्या पहिल्या मित्राला हे वाचून आनंद होईल. पण त्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. संघांमधील फरक मोठा असल्यामुळे निकालांतील फरकाचे बहुतेक स्पष्टीकरण संघाकडे जाते. याचा अर्थ चालकाचे काम सोपे आहे असा होत नाही. सर्व चालक इतके निवडक आहेत की त्यांच्यातील अंतर मुळातच थोडे असते. दहावीच्या गुणवत्ता यादीतील वीस मुलांमध्ये पुन्हा हुशारी शोधायला गेले तर शाळेचा आणि शिकवणीचाच फरक डोळ्यांत भरणार.

आता संघसहकारी या मापदंडाविषयी. आपल्याला वाटते की अ हा ब पेक्षा सरस आणि ब हा क पेक्षा सरस, म्हणून अ हा क पेक्षा सरस. अशी साखळी जोडत सत्तर वर्षांतले सर्व चालक एका रांगेत उभे करता येतील. मायकेल शूमाकर २०१० मध्ये वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी परतला तेव्हा तीनही हंगामांत संघसहकारी निको रोझबर्गचे गुण त्याच्याहून जास्त झाले. साखळी तशीच पुढे ओढली तर सात वेळचा जगज्जेता रोझबर्गच्या खाली जाऊन बसतो. पण २००१ चा शूमाकर आणि २०११ चा शूमाकर यांना एकच व्यक्ती मानणे हे जन्मदाखल्याच्या दृष्टीने बरोबर असले तरी मोजमापाच्या दृष्टीने चूक आहे.

शिवाय काय मोजायचे हा प्रश्न राहतोच. मॅक्लारेनमध्ये २०१० ते २०१२ या तीन हंगामांत बटनचे एकूण गुण ६७२ झाले आणि हॅमिल्टनचे ६५७. त्याच तीन हंगामांत हॅमिल्टनने १० शर्यती जिंकल्या आणि बटनने ८. पात्रता फेरीत तर हॅमिल्टन बहुतांश वेळा पुढे होता. एकाच जोडीकडून तीन मोजपट्ट्या दोन उत्तरे देतात. १९८८ मध्ये तर नियमानेच उत्तर फिरवले. मॅक्लारेनने त्या वर्षी सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या, अलेन प्रॉस्टने एकूण १०५ गुण मिळवले आणि आयर्टन सेनाने ९४. पण तेव्हा सर्वोत्तम अकरा निकालच धरत असल्याने प्रॉस्टचे ८७ झाले, सेनाचे ९० झाले आणि सेना जगज्जेता ठरला. येथे नशीब म्हणता येणार नाही, कारण नियम दोघांना आधीपासून ठाऊक होता आणि त्या नियमात जिंकण्यासाठी धडाडीला किंमत होती, सातत्याला कमी.

सीबीएस चौक

एवढी आकडेमोड कशासाठी? नशीब आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. दहा-पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत ते सर्वांना सारखेच वाटले जाते आणि शेवटी ज्याची योग्यता आहे तो वर येतो.

निवृत्त गणितमास्तर

चौक, तसे वाटले जाते हे खरे असते तर मी लॉटरीचे दुकान काढले असते. पुष्कळ वेळा नाणे उडवले की छाप्यांचे प्रमाण निम्म्याकडे येते. परंतु छापे आणि काटे यांच्या संख्येतला प्रत्यक्ष फरक मिटतोच असे नाही, उलट तो वाढूही शकतो. आणि विजेतेपद हे प्रमाणावर मिळत नाही, एका वर्षाच्या प्रत्यक्ष फरकावर मिळते.

स्टर्लिंग मॉस १९५५ ते १९५८ अशी चार वर्षे लागोपाठ दुसरा आला. १९५८ मध्ये त्याने चार शर्यती जिंकल्या, माइक हॉथॉर्नने एक, आणि हॉथॉर्न एका गुणाने जगज्जेता झाला. त्यातही पोर्तुगालमध्ये हॉथॉर्नला बाद करण्याचे चालले असताना त्याच्या बाजूने साक्ष देणारा मॉसच होता. मॉस १६ विजयांसह निवृत्त झाला, एकाही विजेतेपदाविना. वाटणीचा दिवस त्याच्या आयुष्यात उगवलाच नाही.

प्रॉस्टचे १९८४ हे वर्ष तर वर्गात उदाहरण म्हणून द्यावे असे आहे. मोनॅकोत धो धो पाऊस होता. प्रॉस्ट पुढे होता, सेना टोलमनसारख्या साध्या गाडीत दर फेरीला त्याच्या जवळ येत होता आणि त्या दोघांच्याही मागून श्टेफान बेलोफ आणखी वेगाने येत होता. शर्यत थांबवली गेली, प्रॉस्ट विजेता ठरला, पण तीन चतुर्थांश अंतर न झाल्याने गुण निम्मे, म्हणजे ९ ऐवजी साडेचार मिळाले. वर्षाअखेरीस निकी लाउडाने त्याला अर्ध्या गुणाने हरवले. शर्यत पुढे चालू राहून प्रॉस्ट सेनाच्या मागे दुसरा आला असता, तर ६ गुण घेऊन तो जगज्जेता झाला असता. त्या दिवशी जिंकणे त्याला हरण्यापेक्षा महाग पडले.

पिंपळगावचा बागाईतदार

मी द्राक्षवाला आहे, त्यामुळे नशीब या विषयावर बोलण्याचा अधिकार माझा या धाग्यावर सर्वांत जास्त आहे असे नम्रपणे नमूद करतो. सटाणा-बागलाणकडे अर्ली छाटणी घेणारे बागाईतदार आहेत. इतरांच्या आधी छाटले की माल लवकर येतो आणि भाव मोठा मिळतो, पण फुलोऱ्यात पाऊस गाठला तर बाग हातची जाते. पाऊस आला नाही की गावात म्हणतात, काय डोके आहे! आला की तेच लोक म्हणतात, हाव नडली. माणूस तोच, निर्णय तोच, छाटणीच्या दिवशी त्याच्यापुढे असलेला हवामानाचा अंदाजही तोच. मी आता बागाईतदाराला उताऱ्यावरून जोखत नाही. छाटणीच्या दिवशी त्याला काय ठाऊक होते आणि त्यावर त्याने काय केले, हे विचारतो.

शर्यतीतही हेच विचारावे. २०२४ ची ब्राझीलची शर्यत बघा. पात्रता फेरीत भर पावसात सर्वांना थांबवणारा लाल झेंडा अशा क्षणी पडला की व्हर्स्टॅपनला पुन्हा वेगवान फेरी मारता आली नाही, त्यात इंजिन बदलल्याचा दंड, आणि तो सतराव्या जागेवरून निघाला. हे नशीब वाईट होते. शर्यतीत पाऊस वाढला तेव्हा लँडो नॉरिस आणि जॉर्ज रसेल यांनी टायर बदलून घेतले. व्हर्स्टॅपन, एस्तेबान ओकॉन आणि गॅस्ली थांबले नाहीत. थोड्याच वेळात अपघात होऊन शर्यत थांबवली गेली आणि त्या तिघांना फुकटात टायर बदलता आले. शेवटी तेच तिघे पहिले तीन आले. हे नशीब चांगले होते. पण ते नशीब पदरात पडण्यासाठी त्या क्षणी पुढच्या रांगेत असावे लागते, झिजलेल्या टायरवर त्या पाण्यात गाडी रस्त्यावर ठेवावी लागते, आणि सतराव्या जागेवरून तेथवर त्याला नशिबाने आणले नव्हते. सतरा ते सहा हा प्रवास आणि सहा ते एक हा प्रवास यांचा हिशेब मी वेगवेगळ्या वह्यांत लिहीन.

२०२१ च्या अबुधाबीबद्दलही तेच. हंगामाच्या त्या शेवटच्या शर्यतीआधी व्हर्स्टॅपन आणि हॅमिल्टन या दोघांचे गुण समान, ३६९.५. शेवटच्या काही फेऱ्यांत सेफ्टी कार आली, व्हर्स्टॅपनने ताजे टायर घेतले, हॅमिल्टनला आघाडी सोडण्याच्या भीतीने घेता आले नाहीत आणि शर्यत संचालकांनी दोघांच्या मधल्या, एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्याच तेवढ्या पुढे सोडून एका फेरीसाठी शर्यत पुन्हा सुरू केली. हॅमिल्टनच्या संघाचा निर्णय त्या क्षणी चूक नव्हता. व्हर्स्टॅपनचाही चूक नव्हता; त्याच्याकडे गमावण्यासारखे काही नव्हते. त्या एका फेरीवरून दोघांपैकी कोणाचेही कौशल्य कमीजास्त ठरवू नये, एवढेच मी म्हणेन. संचालकांच्या निर्णयावर येथे चर्चा सुरू झाली तर हा धागा सिंहस्थापर्यंत चालेल.

रॅलीवेडा सातपूरकर

सर्व चर्चा गोल ट्रॅकभोवती फिरते आहे, म्हणून थोडी धूळ उडवतो. राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेतील महाराष्ट्र रॅली आपल्या नाशिकच्या परिसरात होत असे आणि तेव्हा मी पहाटे उठून मुरमाच्या रस्त्याकडेला जाऊन बसत असे. रॅलीत प्रत्येक गाडी एकटी, ठरावीक अंतराने सोडली जाते आणि घड्याळाशी लढते. वाटते, की येथे नशीब कमी असेल. तसे नाही. पहिली गाडी सैल खडी आपल्या चाकांनी बाजूला सारत जाते आणि मागच्यांना झाडलेला रस्ता मिळतो. वारा पडलेला असेल तर उलट होते: मागच्याला पुढच्याची धूळ मिळते आणि वळण दिसत नाही. गाडी आणि चालक यांच्याशिवाय तिसरा भागीदार म्हणजे शेजारी बसलेला नॅव्हिगेटर, जो पुढचे वळण किती तीव्र आहे हे वहीतून वाचून सांगतो. त्याची एक ओळ चुकली तर गाडी शेतात.

याच कारणाने गौरव गिलची कारकीर्द मला महत्त्वाची वाटते. आशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद तो तीन वेळा जिंकला, २०१९ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारा मोटरस्पोर्टमधला पहिला खेळाडू ठरला. स्कोडाच्या छोट्या चपळ गाडीतही तो जिंकला आणि महिंद्राच्या एक्सयूव्हीसारख्या उंच, जड गाडीतही जिंकला. मास्तर म्हणतात त्या आंतरक्रियेचे भूत ज्याच्यावर स्वार होत नाही, असा चालक मी त्याला म्हणेन. फँजिओने पाच विजेतेपदे चार वेगळ्या संघांकडून मिळवली, त्याचे महत्त्वही यातच आहे.

सीबीएस चौक

फँजिओ चांगली गाडी हेरून तेथे जात असे, एवढेच. आणि भारतीयांचा विषय निघालाच आहे तर नारायण कार्तिकेयनचे काय? २००५ मध्ये इंडियानापोलिसला तो चौथा आला होता.

नाशिकरोड जंक्शन

आला होता, आणि भारतीय चालकाने फॉर्म्युला वनमध्ये मिळवलेले ते पाच गुण आजवरचे एकमेव गुण आहेत. पण मिशेलिनचे टायर त्या ट्रॅकच्या आतल्या बाजूला कललेल्या वळणावर फुटण्याचा धोका असल्याने चौदा गाड्या शर्यत सुरू होण्याआधीच परत गेल्या आणि धावल्या फक्त सहा. कार्तिकेयन त्या सहांत चौथा होता, त्याच संघाचा तियागो मोंतेरो तिसरा. कार्तिकेयनबद्दल अन्याय उलट बाजूनेही झाला आहे. २०११ आणि २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याच्या एचआरटी संघाची गाडी सर्वांत वेगवान वेळेच्या १०७ टक्क्यांच्या मर्यादेतही बसली नाही आणि त्याला शर्यतीत उतरताच आले नाही. ते पाहून आपल्याकडे लोक हसले. त्याचा संघसहकारीही दोन्ही वेळा तसाच बाहेर राहिला होता, हे कोणी पाहिले नाही. चौथ्या क्रमांकाने तो मोठा झाला नाही आणि त्या नामुष्कीने लहानही झाला नाही. त्याच्याविषयी खरे काही सांगायचे तर मधल्या, कोणाच्या लक्षात न राहिलेल्या शर्यती पाहाव्या लागतील.

चांगली गाडी हेरण्याबद्दल: तेही कौशल्यच आहे, मात्र स्टिअरिंगवरचे नव्हे. हॅमिल्टनने २०१२ मध्ये मॅक्लारेन सोडून मर्सिडीजला जायचे ठरवले तेव्हा बहुतेकांना ते धाडस वाटले होते. फर्नांडो अलोन्सो फेरारी सोडून मॅक्लारेन-होंडाकडे गेला आणि २०१५ मध्ये तो संघ नवव्या क्रमांकावर राहिला. अलोन्सोने २००७ चे विजेतेपद एका गुणाने, २०१० चे चार गुणांनी आणि २०१२ चे तीन गुणांनी गमावले. एकूण आठ गुण इकडे वळले असते तर तो पाच वेळचा जगज्जेता म्हणून ओळखला गेला असता आणि आपण सर्व त्याच्या दूरदृष्टीचे गोडवे गात बसलो असतो.

आडगाव नाका

विषयांतराबद्दल क्षमस्व. आमच्या मामांच्या गावाकडे, जुन्नर भागात, घाटातल्या बैलगाडा शर्यतीत गाड्यावर चालकच नसतो. बैल आपले आपण सुटतात, सेकंद मोजले जातात आणि गुलाल मालकाच्या कपाळाला लागतो. हा वाद तेथे कायमचा मिटलेला आहे.

गोदाकाठकर (धागाकर्ता)

आडगाव नाका, मिटलेला नाही. बैल मालकाने घडवला की विकत आणला, यावर घाटाच्या कडेला हाणामाऱ्या होताना मी पाहिल्या आहेत.

माझा मूळ प्रस्ताव होता त्या स्वरूपात मी मागे घेतो. फिटरसाहेबांचा सेटर आणि जंक्शन यांचा फिसिकेला यांनी तो मोडला. तरी पूर्ण सोडून देत नाही, कारण एक प्रसंग मला अजून बोलावतो. डिसेंबर २०२० मध्ये बहारीनमधल्या शर्यतीआधी हॅमिल्टनला कोविड झाला आणि विल्यम्ससाठी तोवर एकही गुण न मिळवलेला रसेल एका आठवड्यासाठी त्याच्या मर्सिडीजमध्ये बसला. उंच असल्याने त्याला कॉकपिटमध्ये मावण्यासाठी एक नंबर लहान बूट घालावे लागले. पात्रता फेरीत तो बोटासच्या ०.०२६ सेकंद मागे राहिला, शर्यतीत सुरुवातीलाच त्याच्या पुढे गेला आणि बराच काळ आघाडीवर होता. मग संघाने टायर लावताना घोटाळा केला, नंतर एक टायर पंक्चर झाला आणि तो नववा आला. निकालपत्रकात फक्त नववा क्रमांक आहे.

येथे बागाईतदारांच्या दोन वह्या मला उपयोगी पडतात. मास्तर मात्र म्हणतील, आणि बरोबर म्हणतील, की बहारीनच्या ट्रॅकची ती बाहेरची वाट इतकी छोटी होती की पात्रता फेरीत सर्वांत वेगवान फेरी चोपन्न सेकंदांच्या आत संपली, त्यामुळे चालकांमधील अंतरही आक्रसले होते. शिवाय एका शर्यतीवरून काही सिद्ध होत नाही. फिसिकेलाच्या उलट रसेल इतका लवकर कसा रुळला, याचे उत्तरही माझ्याकडे नाही. कदाचित मर्सिडीजची गाडी नवख्यालाही सांभाळून घेणारी होती, कदाचित तो मर्सिडीजच्याच तालमीत वाढलेला होता म्हणून. म्हणजे हॅमिल्टनच्या पन्नास विजयांविषयी मी मित्राला एवढेच सांगू शकतो, की ती गाडी नसती तर ते पन्नास झाले नसते, आणि बोटासच्या दहांकडे पाहता ते कोणाचेही झाले नसते. बाकीचा हिशेब त्या दोघांच्या गाड्यांच्या सेटअपच्या नोंदी पाहिल्याशिवाय लागणार नाही, आणि त्या आपल्याला कोणी दाखवणार नाही.

म्हणून आम्ही आमच्या हातात असलेला प्रयोग करतो आहोत. शहराबाहेरच्या कार्टिंग ट्रॅकवर आम्ही सहा जण जात असतो आणि प्रत्येक वेळी हरलेल्याचे एकच म्हणणे असते, की त्याला सात नंबरची कार्ट मिळाली नाही. येत्या रविवारी सहा कार्ट आणि सहा माणसे, प्रत्येक जण प्रत्येक कार्ट एकदा चालवेल, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरेल.

निवृत्त गणितमास्तर

क्रमाचा तक्ता मी करून देतो. नुसत्या चिठ्ठ्यांनी एकाच फेरीत दोघांच्या वाट्याला एकच कार्ट येईल. टायर तापल्यावर सर्वांचीच वेळ सुधारते, तेव्हा कोणता माणूस कोणती कार्ट कितव्या फेरीत चालवतो हेही सारखे वाटावे लागेल. आणि वजनाचे काय? फॉर्म्युला वनमध्ये २०१९ मध्ये चालक आणि आसन मिळून किमान ८० किलोचा नियम केला तो उगीच नव्हे. आपल्यातील हलक्या मंडळींना भार बांधावा लागेल.

अंबडचा फिटर

भार मी आणतो, शॉपमध्ये कापून पडलेले तुकडे आहेत. आसनाखाली घट्ट बांधावे लागतील, पट्टे लागतील. वजनकाटा कोणाकडे आहे?

पिंपळगावचा बागाईतदार

माझ्याकडे द्राक्षांचे कॅरेट मोजायचा काटा आहे, दीडशे किलोपर्यंत चालतो. रविवारी सकाळी सातला घेऊन येतो. मिसळ मात्र वजन झाल्यानंतर.